खेळण्यातले रूळ आणि खाडीपलीकडचे शहर

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' वर्गात घेताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गृहपाठ देतो. चाळीचा नकाशा काढून आणा, एवढाच. साहित्याच्या वर्गात नकाशा कशाला, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मग नकाशे येतात आणि प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांतूनच मिळते. एका वर्षी भांडुपहून येणाऱ्या एका मुलीने सबंध पानभर गॅलरी काढली होती. गॅलरीच्या टोकाला मोठा नळ, जिन्याची वळणे, आणि खोल्या मात्र काडेपेटीएवढ्या, एकापुढे एक नुसत्या मांडलेल्या. प्रमाणाच्या दृष्टीने नकाशा सपशेल चुकलेला होता. वाचन म्हणून तो वर्गातला सर्वांत अचूक होता. चाळीतले जे काही घडते ते खोलीत घडत नाही, खोलीच्या बाहेर पाऊल टाकल्यावर घडते, हे तिने न लिहिता सांगितले होते.

'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली ती १९५८ साली. त्याच वर्षी मुंबईत अठ्ठावीस वर्षांच्या एका वास्तुरचनाकाराने स्वतःचे कार्यालय थाटले. त्याचे नाव चार्ल्स कोरिया. दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही, आणि योगायोगातून सिद्धान्त काढण्याची समीक्षकी खोड आम्हांलाही ठाऊक आहे. तरीही हा योगायोग आम्ही मनातून काढून टाकू शकलो नाही. कारण खोलीच्या बाहेर, आकाशाखाली, उंबरठ्याच्या जरा पलीकडे जी जागा असते तिच्याविषयी या तरुणाने जन्मभर विचार केला आणि त्या विचाराची सगळी बीजे त्याच्या पहिल्या पंधरा वर्षांत पडलेली दिसतात. त्या पंधरा वर्षांतील शेवटची काही वर्षे तर थेट आम्हां उपनगरवासीयांच्या पोटात शिरणारी आहेत. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी या माणसाकडे फारसे लक्ष दिले नाही. तो इंग्रजीत लिहीत होता, आणि इमारत ही वाचायची गोष्ट आहे असे आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १ सप्टेंबर १९३०चा, सिकंदराबादेतला. महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. बालपणाविषयी त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलेली एक गोष्ट अशी : हॉर्नबी कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे कॅटलॉग तासन्‌तास पाहत बसायचे आणि कागदावर रुळांच्या आखण्या करायच्या. कुठे वळण घ्यायचे, कुठे सांधा बदलायचा, गाडी फिरून पहिल्या ठिकाणी कशी आणायची. वास्तुरचनेची ओढ आपल्याला इथे लागली असे ते सांगत. कलावंतांच्या बालपणीच्या गोष्टींवर आमचा फारसा विश्वास नसतो. त्या बहुतेक वेळा उत्तरायुष्यात शिवलेल्या असतात. ही गोष्ट मात्र आम्ही जपून ठेवतो. खेळण्यातली गाडी गोल फिरते, मुंबईची लोकल सरळ रेषेत धावते, आणि हा मुलगा पुढे मोठा होऊन त्या सरळ रेषेला गोल वळवायला निघाला.

१९४९मध्ये ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले, तिथून १९५३मध्ये पदवी घेऊन एमआयटीत. १९५५ला पदव्युत्तर पदवी मिळाली. एमआयटीत केविन लिंच आणि जॉर्जी केपेश यांच्यासारखे शिक्षक होते. शहर आपल्या डोळ्यांना आणि मनाला कसे दिसते, हा त्या दोघांचाही ध्यास. पण आमचे कुतूहल जागे होते ते त्यांच्या प्रबंधामुळे. हा प्रबंध म्हणजे इमारतीचे आराखडे नव्हेत, तो एक चलच्चित्रपट आहे. 'यू अँड युअर नेबरहूड' हे त्याचे नाव. हाताने काढलेल्या चित्रांना गती देऊन तयार केलेला. संहिता, चित्रे, छायाचित्रण सगळे कोरियांचे. विषय असा, की ढासळत चाललेली एखादी वस्ती तिथल्याच रहिवाशांनी एकत्र येऊन कशी सावरावी. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला असे वाटते, की वास्तुरचनेविषयी सांगायचे ते माणसांना गोष्ट सांगितल्यासारखे सांगितले पाहिजे, आणि वस्तीचा पहिला रचनाकार तिथला रहिवासीच असतो. वाचकांनी या चित्रपटाची आठवण थोडी बाजूला ठेवावी. तिच्याकडे आम्हांला परत यायचे आहे.

१९५५मध्ये ते मुंबईला परतले, जी. एम. भुता यांच्या संस्थेत भागीदार म्हणून तीन वर्षे काढली आणि १९५८मध्ये स्वतंत्र झाले. या वर्षीची सर्वांत महत्त्वाची जबाबदारी आली ती अहमदाबादहून. साबरमती आश्रमात गांधीजींची पत्रे, छायाचित्रे आणि ग्रंथ ठेवण्यासाठी संग्रहालय बांधायचे होते. शेजारी गांधीजींचे राहते घर, 'हृदयकुंज'. तिथे अठ्ठावीस वर्षांच्या, अमेरिकेत शिकून आलेल्या, काँक्रीटच्या युगातल्या तरुणाने काय करावे? स्मारक म्हटले की घुमट, चबुतरा, संगमरवर ही आपली ठरलेली शब्दकळा. कोरियांनी त्यातला एकही शब्द वापरला नाही. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असा एक चौरस त्यांनी घेतला. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर कौलांचे उतरते छप्पर. खांबांवरून जाणाऱ्या काँक्रीटच्या पन्हळी छपराचा भारही पेलतात आणि पावसाचे पाणीही वाहून नेतात. हाच चौरस पुन्हापुन्हा मांडायचा, एखाद्या ओवीसारखा. काही चौरसांना भिंती, काही नुसतेच उघडे, मधल्या एका चौरसात पाणी. खिडक्यांना काच नाही. उजेड आणि वारा लाकडी झडपांतून येतो. आणखी जागा लागली तर आणखी चौरस जोडता यावेत अशी सोय.

आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा दुपारची वेळ होती. भिंत असलेल्या दालनातून बाहेर पडावे आणि दुसऱ्या दालनात शिरावे, तर मध्ये एक छप्पर असलेली पण भिंती नसलेली जागा लागते. तिथे काहीही मांडलेले नाही. तिथे माणूस थांबतो. शाळेच्या सहलीतली मुलेही तिथे क्षणभर गप्प झालेली आम्ही पाहिली, आणि शाळेच्या सहलीविषयी ज्याला थोडी माहिती आहे त्याला हे किती अवघड आहे ते समजेल. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. कवितेत दोन कडव्यांमधली कोरी ओळ जे काम करते ते काम इथे रिकामे चौरस करतात, एवढेच आम्ही आमच्या परिभाषेत म्हणू शकतो.

संग्रहालयाचे काम चालू असतानाच इतर कामे येत होती. १९६१ला दिल्लीच्या औद्योगिक प्रदर्शनात हिंदुस्तान लिव्हर कंपनीसाठी त्यांनी चुरगळलेल्या कागदासारखा काँक्रीटचा मंडप उभा केला. अभियंते महेंद्र राज यांची जोड होती. प्रदर्शन संपले आणि मंडपही गेला. आम्हांला त्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते ते त्याच सुमारास अहमदाबादेत झालेले एक छोटेसे घर. गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांसाठी स्पर्धा ठेवली होती. अपेक्षा होती ती जिना चढून जायच्या मजली इमारतींची. कोरियांनी दाखवून दिले, की तेवढ्याच जमिनीवर तेवढीच कुटुंबे बैठ्या, एकमेकांना लागून असलेल्या घरांत राहू शकतात. घराची रुंदी साडेतीन मीटरांच्या आसपास, लांबी अठरा मीटर. छप्पर तिरके, तापलेली हवा त्या उतारावरून वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते, तिच्या जागी खालून गार हवा येते. विजेचा पंखा न लावता घराने स्वतःच श्वास घ्यायचा. बक्षीस मिळाले, नमुन्याचे घर बांधले गेले आणि १९९५मध्ये ते पाडलेही गेले. मराठी कवींच्या पहिल्या संग्रहांचे होते तसेच त्याचे झाले. सगळे जण उल्लेख करतात, हाताशी प्रत कोणाच्याच नाही.

मुंबईत मात्र प्रश्न निराळा होता. इथे समुद्र पश्चिमेला. वारा पश्चिमेचा, दृश्यही पश्चिमेचे. पण दुपारचे भाजणारे ऊनही पश्चिमेचे आणि ज्येष्ठ-आषाढातला आडवा पाऊसही पश्चिमेचाच. जुन्या बंगल्यांनी यावर तोडगा काढला होता तो भोवताली फिरणाऱ्या व्हरांड्याचा. ऊन-पाऊस व्हरांड्याने सोसायचा, खोलीने नाही. नेपियन सी रोडवरच्या 'सोनमार्ग' या इमारतीत (१९६१ ते १९६६) कोरियांनी हा व्हरांडा फ्लॅटमध्ये आणला. राहत्या खोल्या आणि बाहेरचे हवामान यांच्यामध्ये एक पट्टा ठेवला. पुढे पेडर रोडच्या अठ्ठावीस मजली 'कांचनजंगा'त (१९७० ते १९८३) त्याच पट्ट्याची दोन मजले उंच बाग झाली. ती श्रीमंतांची घरे आहेत, हे सांगायला नकोच. पण व्हरांडा ही श्रीमंतांची वस्तू नव्हे. उपनगरातील गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतींत, घाटकोपरच्या पंतनगरात किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, ज्यांनी दिवस काढले त्यांना विचारावे.

इथे एक कबुली देऊन टाकतो. आमच्यापैकी एकाने नव्वदच्या दशकात मुलुंडच्या आपल्या फ्लॅटची बाल्कनी सरकत्या काचा लावून बंद करून घेतली आणि तिथे मुलीच्या अभ्यासाचे टेबल टाकले. मुलगी दहावीत होती, दुसरी खोली नव्हती. सबंध इमारतीत आधी दोघांनी, मग पाचांनी, मग सगळ्यांनी तेच केले. त्यानंतर पावसाळ्यात आम्ही पंखा लावून बसू लागलो. कोरियांचे लेखन पुढे हाती आले तेव्हा लाज वाटली. पण टेबल काही हलवले नाही.

आता उपनगरांकडे वळतो, कारण तरुण कोरियांची खरी झेप घरापासून शहराकडे आहे आणि तिचा रोख उपनगरांवरूनच जातो. १९५७मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत वाढली. बोरिवली, मुलुंड ही गावे कागदोपत्री मुंबई झाली. १९६१च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाख होती, १९७१ला ती साठ लाखांच्या घरात गेली. नोकऱ्या फोर्टात, घरे उत्तरेला. दर वर्षी घर आणखी एक स्टेशन दूर. सकाळी सगळ्यांनी दक्षिणेकडे जायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी उत्तरेकडे यायचे, ही या शहराची रचना कोणी ठरवून केलेली नव्हती. दोन लोहमार्गांनी ती करून टाकली होती.

१९६४मध्ये महापालिकेने शहराचा विकास आराखडा जाहीर केला आणि त्यावर नागरिकांच्या सूचना मागवल्या. बहुतेक नागरिक अशा वेळी काहीच करत नाहीत. तिघांनी केले. कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल. पटेलही तिशीतलेच, मुंबईचा पहिला उड्डाणपूल, केम्प्स कॉर्नरचा, १९६५मध्ये खुला झाला तो त्यांच्याच रचनेचा. प्रवीणा मेहतांचे नाव या हकिकतीत पुष्कळदा दुसऱ्या ओळीत किंवा मुळीच येत नाही, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासकारांना अपरिचित वाटू नये. तिघांचे म्हणणे असे होते, की शहर उत्तरेकडे ताणत नेण्याने रोग वाढेल. ते पूर्वेकडे, ठाण्याच्या खाडीपलीकडे न्यावे. तिथे नुसती राहण्याची सोय न करता नोकऱ्या न्याव्यात, आणि त्यासाठी राज्य सरकारने आपला कारभार तिकडे हलवून सुरुवात करावी. तसे झाले तर उत्तर-दक्षिण रेषेच्या जागी बंदराभोवती फिरणारे वर्तुळ तयार होईल आणि गाड्या एकाच दिशेने भरून न जाता दोन्ही दिशांनी भरतील. हॉर्नबीच्या कॅटलॉगची आठवण आम्हांला होते ती इथे.

'मार्ग' या मुल्कराज आनंद यांच्या नियतकालिकाने जून १९६५च्या अंकात ही मांडणी छापली. तो अंक हाती आला तर आमच्या विद्यार्थ्यांनी तो निबंध म्हणून वाचावा. सरकारी अहवालाची भाषा त्यात नाही. 'असे व्हायला हवे' याच्या आधी 'असे का होते' हे सांगितलेले आहे, आकृत्या युक्तिवादाच्या मधोमध येतात, आणि सामान्य वाचकाला आपल्या शहराविषयी मत असू शकते हे गृहीत धरलेले आहे. मराठीत निबंधाचा हा प्रकार चांगला रुजलेला होता, आगरकरांपासून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपण तो बहुतांशी अग्रलेखांच्या हवाली केला.

नेमकी याच वर्षांची मराठी पुस्तके पाहावीत. जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ची, भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ची, नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६चे. झोपडपट्टी, नाका, फूटपाथ. तिघा तरुण तंत्रज्ञांच्या नकाशात जो ताण बाणांनी आणि आकड्यांनी दाखवला आहे तोच या पुस्तकांत माणसांच्या बोलण्यातून ऐकू येतो. लेखकांनी वास्तुरचनाकारांना वाचले नाही आणि त्यांनी यांना वाचले नाही, असे दिसते. ही दोन वाचने एकमेकांना भेटली असती तर नकाशावर काय बदलले असते, हा प्रश्न आम्हांला निरर्थक वाटत नाही. कोरियांकडे फूटपाथचे भान नव्हते असे कोणी समजू नये. १९६८च्या सुमारास त्यांनी पदपथांसाठी एक प्रस्ताव मांडला होता : रस्त्याच्या कडेने थोडा उंच ओटा बांधावा, त्याला ठरावीक अंतरावर नळ असावेत, दिवसा त्यावर फेरीवाल्यांनी बसावे, संध्याकाळी तो धुऊन निघावा आणि रात्री ज्यांना घर नाही त्यांनी तिथे झोपावे. हा प्रस्ताव वाचताना आमची भांडुपची विद्यार्थिनी आठवते. ओटा आणि नळ.

खाडीपलीकडच्या शहराची कल्पना सरकारने उचलली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही खाडीपलीकडच्या विकासाची शिफारस केली होती. १७ मार्च १९७० रोजी 'सिडको'ची स्थापना झाली. कोरिया १९७४पर्यंत तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. चाळिशीत पाऊल टाकणाऱ्या माणसाला वीस लाख वस्तीच्या शहराचा कागद मिळावा, असे जगात क्वचितच घडते. मग काय झाले? सरकारने आपला कारभार हलवला नाही. मंत्रालय जागच्या जागी राहिले. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर कचेऱ्यांचे मनोरे चढत गेले, म्हणजे ज्या दक्षिण टोकाचे ओझे उतरवायचे होते त्याच टोकावर नवे ओझे टाकले गेले. खाडीवरचा पूल १९७३मध्ये झाला, पण वाशीला लोकल पोहोचायला १९९२ उजाडले. शहर वसवायचे आणि आगगाडी वीस वर्षांनी आणायची, हे रुळांच्या आखण्या करत वाढलेल्या माणसाच्या नशिबी यावे, यातला उपरोध आम्ही वेगळा सांगत नाही. तोवर लोकांनी आपली वाट धरली होती. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे एकतीस लाख माणसे होती आणि उपनगर जिल्ह्यात साडेत्र्याण्णव लाख. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत सव्वाअकरा लाखांच्या जवळपास.

एवढ्यावर ही हकिकत संपवली तर ती एका द्रष्ट्या तरुणाची आणि आंधळ्या सत्तेची गोष्ट होईल. कोरियांवरचे बरेच लेखन इथेच थांबते. आम्हांला थांबता येत नाही.

खाडीपलीकडची जमीन रिकामी नव्हती. तिथे पंचाण्णव गावे होती. भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत मासेमारी होती. आगरी आणि कोळी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. तिघांच्या योजनेचा आर्थिक कणा असा होता, की जमीन सरकारने स्वस्तात ताब्यात घ्यावी, विकसित करून विकावी आणि त्या पैशांतून रस्ते, पाणी, वीज उभारावी. सट्टेबाजांना नफा खाऊ देऊ नये. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. मुंबईत जमिनीच्या दलालांनी काय केले ते त्यांनी पाहिले होते. पण या मांडणीत शेतकरी कोण आहे? विकत घ्यायच्या जमिनीवर उभा असलेला माणूस, एवढाच. नवे शहर ज्याच्या दारात उभे राहणार त्याचे त्या शहराविषयी काही म्हणणे असेल, याला त्या योजनेत जागा नव्हती. १९८४च्या जानेवारीत ते म्हणणे रस्त्यावर आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, १६ आणि १७ जानेवारीला पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

कोरिया तेव्हा सिडकोत नव्हते. त्यांना या गोळीबाराशी जोडणे अन्यायाचे ठरेल, आणि आमचा तो उद्देश नाही. आमचा प्रश्न वाचनाचा आहे. ज्याला घरातल्या रिकाम्या चौरसाचा अर्थ इतका बारकाईने कळत होता, त्याला नकाशावरची रिकामी दिसणारी जागा तशीच रिकामी का वाटली? ज्याने पंचविशीत 'वस्ती रहिवाशांनी सावरावी' असा चित्रपट काढला, त्याच्या पस्तिशीतल्या आराखड्यात रहिवासी कुठे गेला? आम्हांला वाटते, की उत्तर प्रमाणात आहे. सहा मीटरांच्या चौरसात माणूस दिसतो. तीनशे चव्वेचाळीस चौरस किलोमीटरांच्या कागदावर तो दिसत नाही. तिथे त्याच्यासाठी आकडा लिहावा लागतो. महाकादंबरी लिहिणाऱ्यांचे असेच होते, हे आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितले आहे, वास्तुरचनेचा दाखला न देता.

यावर कोरियांच्या बाजूने देण्यासारखे उत्तर एकच आहे आणि ते त्यांनी शब्दांत न देता बांधून दिले. १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला साडेपाच हेक्टरांवर सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी त्यांनी बैठी घरे रचली. आज ती 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून ओळखली जातात. आठ मीटरांच्या चौकाभोवती सात घरे, असे तीन गट मिळून बारा मीटरांचा मोठा चौक, आणि याच रीतीने पुढे. दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. अहमदाबादच्या संग्रहालयातला वाढता चौरस इथे रहिवाशाच्या हाती दिलेला आहे. लोकांनी घरे वाढवली, बदलली, काही पार पाडून नवी बांधली. काही वास्तुरचनाकारांना त्याचे दुःख होते. आम्ही तिथे फिरलो तेव्हा एका घराची मूळ कौले शाबूत होती आणि शेजारच्याने तीन मजले चढवून संगमरवरी फरशा लावल्या होत्या. मधल्या चौकात मात्र दोन्ही घरांची मुले एकाच स्टम्पांवर खेळत होती.

ठाणे-वाशी लोकल नोव्हेंबर २००४मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आमच्या महाविद्यालयात ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथून मुले येऊ लागली. सकाळच्या गर्दीच्या उलट दिशेने. स्टेशनांना नावे गावांचीच आहेत. मागे एका वर्षी चाळीच्या नकाशाचा गृहपाठ दिला तेव्हा घणसोलीचा एक मुलगा म्हणाला, की सर, चाळ मी पाहिलेली नाही, आमचे गावठाणातले घर काढले तर चालेल का? आम्ही हो म्हटले. त्याने ओटा काढला, पडवी काढली, माजघर काढले, मागे विहीर. पुढे भात झोडायचे खळे काढून त्यात पेन्सिलीने एक चौकोन आखला होता आणि चौकोनात लिहिले होते : 'इथे आता सेक्टर आहे.' कुठला सेक्टर, असे आम्ही विचारले. आजोबांना विचारून सांगतो, म्हणाला.